पवनशिंग्यानं केलेला दगा

...न्हाई न्हाई, तुमीच सांगा, माणसानं माणसाला दगा दिला तर मी समजू शकतो, भावकी हाय, बांध हाय, चालायचंच! पण पुस्तकातल्या मेंढ्यानं? ज्याला आमी घरातला मानला, त्यानं? तुमाला सांगतो, बापजाद्यापासून आमचं मेंढरांचं घर, पण मेंढ्याकडून असला दगा कुणाला झाला नसंल... अन् घोंगडं माझं तसंच फाटकं!

मुळात चूक आमच्या वालूरच्या दिनकरराव गुरुजींची. निजाम गेला, शाळा मराठी झाली, अन् गुरुजींनी माझ्या बानूच्या हातात गोष्टीचं पुस्तक दिलं. 'पवनशिंग्या', भाग पहिला! आता मी शिकलेलो निजामाच्या शाळेत, उर्दू अलिफ-बेवाला, मराठी अक्षर मला लागतंय कुठं? म्हून पोरगी वाचायची अन् आमी ऐकायचो. काय ती गोष्ट! बोलणारा, उडणारा मेंढा! राक्षस कोकरं पळवतो अन् ह्यो शिंगं रोखून ढगातून... धडाम! माझी बायको केवळाबाई, भाकर थापता थापता तिचा हात तसाच वर! म्हणलं, "अगं, तव्यावरची जळायलीय!" तर म्हणती, "जळू द्या! तिकडं मेंढा हिरीत पडलाय, अन् तुमाला खायचं सुचायलंय?"

बरं, हितवर ठीक होतं. पण दुसऱ्या भागात निघालं, की पवनशिंग्याचं समदं बळ त्याच्या लोकरीत. कातर लागली की उडणं खतम! झालं! आमच्या कळपात एक मेंढा, काळाभोर, दाट लोकरीचा, माझ्या घोंगड्यासाठी मी त्याच्यावर कवापासून नजर ठेवून होतो. कातर घेऊन गेलो तर बानू त्याच्या गळ्यात पडलेली. "आबा, ह्यो आपला पवनशिंग्या! ह्याला कातरायचं न्हाई!" म्हणलं, "बाई, ह्यो उडत न्हाई." तर केवळाबाई आतून वरडती, "तुमी सारखं कातरायलाव, मग उडंल कसा?"

कातर माघारी खुंटीला टांगली!

मेंढा बिनकातरीचा ऱ्हायला. पावसात भिजला की जागचा हलायचा न्हाई, ढकलायचं मी. बाभळीत अडकायचा, सोडवायचं मी. पिंगळीचे पाव्हणे मेंढा इकत घ्यायला आले, म्हणले, "ह्यो द्या." म्हणलं, "ह्यो न्हाई." म्हणले, "काऊन?" आता काय सांगू... राक्षस अजून जित्ता हाय म्हून? खोटं कशाला बोलू, तवर मलाबी नाद लागलता. मानवतच्या बाजारात मीठ इसरायचो, पण नवा भाग आला का ते इचारल्याबिगर माघारी येत नव्हतो. अन् घोंगडं माझं तसंच फाटकं!

मग आला शेवटचा भाग. राक्षस मेला! केवळाबाईनं पुरण घातलं. बानू वाचायलीय, "आणि पवनशिंग्याच्या अंगावरची लोकर गळून पडली, आणि तिथे एक सुंदर राजकुमार उभा राहिला!"

केवळाबाई म्हणली, "म्हंजे? मेंढा कुठं गेला?"

"आई, तो मेंढा नव्हताच. शाप होता त्याला."

"म्हंजे मी भाकरी जाळल्या त्या राजाच्या पोरासाठी?"

बघा की! हिकडं आत्ता कुठं निजाम घालवला, अन् ह्या लिहिणाऱ्यानं मागल्या दारानं दुसरा आणून बसवला! तरीबी मी म्हणलं, असू दे, तख्तावर बसला तरी आपल्या कळपातला हाय, वाच पुढं. तर पोरगी अडखळली. म्हणलं, वाच! "राज्याभिषेक झाला, पंगती बसल्या... आणि राजकुमाराने साऱ्यांना मटणाचे सुग्रास जेवण वाढले."

मटण! अवो, मटण! कशाचं? कुणाचं?

म्हणलं पोरगी चुकली. तडक पुस्तक घेऊन गुरुजींच्या दारात. गुरुजींनी चष्मा लावला, वाचलं, अन् शांतपणे म्हणतात, "मुंजाजी, छापलंय तसंच आहे. मनावर घेऊ नका, कल्पना असते ती." कल्पना! आमीबी मटण खातो, न्हाई कशाला म्हणू? पण ज्या कोकरांसाठी राक्षसाच्या अंगावर गेला, तीच पानात? आपल्याच हातानं वाढली? खरं सांगतो, घरी येताना डोळ्याला पाणी आलं.

दारात केवळाबाई कातर घेऊन उभी. "घ्या, कातरा. समदं खोटं हाय." बानूनंबी मान खाली घातली. म्हणजे कवापासून ज्याची वाट बघत होतो ते झालं की न्हाई? गेलो. कातर लावली. त्यानं माझ्याकडं बघितलं... अन् मला वाटलं, दगा दिला त्या राजकुमारानं, ह्या बिचाऱ्यानं काय केलं? ह्यो तर पहिल्यापास्नं मेंढाच होता! समद्या गोष्टीत इमानदार म्हणावा तर ह्यो एकटाच! शिंगात गुतलेला काटा काढला अन् माघारी आलो.

केवळाबाईनं इचारलं, "का वो, कातरला न्हाई?"

म्हणलं, "ऱ्हाऊ दे... उडाला तर?"

अन् घोंगडं? ते माझं तसंच फाटकं!