बायकोचं क्युरेटिंग, माझे चार टाके

नाही हो काका, पेशंट मी नाही, पेशंट आत आहे—बायको. ही कपाळावरची पट्टी ना? ती वेगळीच भानगड. चार टाके पडलेत. बायकोला एकही नाही, बरं का! तिचं क्युरेटिंग झालं, आता भूल उतरायची वाट बघतोय. क्युरेटिंग म्हणजे काय—मला तरी कालपर्यंत कुठे माहीत होतं? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गर्भपिशवीचं आतलं अस्तर हलकेच खरवडून काढायचं, तपासायला पाठवायचं, पंधरा-वीस मिनिटांचं काम. आता मी पडलो रंगारी, भिंती खरवडण्यात जन्म गेला, मला काय सुचणार? मी आपलं विचारलं, "मग वरून पुट्टी मारणार का?"—हसा, हसा, नर्सबाईही अशाच हसल्या, हातातला ट्रे पडला त्यांच्या. डॉक्टरीणबाई मात्र नाही हसल्या. म्हणाल्या, "अस्तर आपोआप येतं परत. तुम्ही इथे सही करा." आणि त्या कागदावर काय काय लिहिलेलं—क्वचित रक्तस्राव, क्वचित अमुक, क्वचित तमुक... तिसऱ्या मजल्याला शिडी लावून एका हाताने ब्रश मारणारा माणूस मी, पण तिसरं 'क्वचित' वाचलं आणि टेबलाची कडा अशी समोरून आली! शुद्धीवर आलो तर ही स्ट्रेचरवरून उतरून त्याच कागदाने मला वारा घालतेय. तिला थांबवून ठेवलं आणि आधी मला शिवलं! घाबरलो? छे! सकाळपासून पोटात काही नव्हतं. म्हणजे चहा झाला होता. बिस्किटं... पुडा संपवला होता, पण ते काय खाणं झालं?

चार महिने अंगावरून जात होतं तिच्या, काका. चार महिने! आणि मला एका शब्दाने—नाही, खोटं कशाला बोलू, सांगितलं होतं. दोनदा. मी "हं" म्हणालो होतो. कामावर आम्ही बरोबरच असतो ना, मी वर, ती खाली शिडी धरून. गेल्या महिन्यात म्हणाली, "जरा बसून धरू का?" मी वरून ओरडलो, "बसून काय धरतेस, पाडतेस की काय मला!" आणि ती राहिली उभी. संध्याकाळपर्यंत... धूळ गेली हो डोळ्यात. दवाखान्यात कुठली धूळ? तुम्हीही ना, काहीही विचारता.

आत्ताच सांगून गेल्या डॉक्टरीणबाई—पॉलिप की काय म्हणतात तो मांसाचा कोंब होता, एवढासा, साधाच दिसतोय, काढून टाकला. रिपोर्ट आठवड्याने. मी म्हटलं, "आठवडाभर मी करू काय?" म्हणाल्या, "स्वयंपाक करा." करतो की! येत नाही, पण करतो. तिला आवडतं ते—काय आवडतं बरं तिला? थांबा, वीस वर्षं झाली लग्नाला, आठवेल...

अगं! चालत कशाला आलीस, हाक मारायचीस ना! नाही नाही, काही नव्हतो सांगत, हवापाण्याच्या गप्पा आपल्या. उभी राहू नकोस. बस, इथे बस आधी—काका, उठा बघू जरा. उठा हो, बायको आलीये माझी!