हात सोडायचा नाही

…आणि वर मलाच म्हणतात, "पर्सी, तुला काय करायचंय? तू नुसतं पडून राहायचं!" नुसतं पडून राहायचं! तुम्हाला सांगतो, आयुष्यात मी पुष्कळ कामं केली. मेंढ्यांची लोकर कातरली, कुंपणाच्या तारा ओढल्या, हंगामात गव्हाचा ट्रक हाकला. पण नुसतं पडून राहण्याइतकं जिवावर बेतणारं काम मी दुसरं केलेलं नाही! तसा मी बोलणारा माणूस नाही. आमच्या बोरागिनात कुणालाही विचारा. माझी बायको, मॅव्हिस, ती तर म्हणते, "ह्याला चहा हवा का विचारलं, तर हा 'हो' म्हणेपर्यंत चहा गार होतो." पण आज मला बोलू द्या. कारण त्या दिवसापासून जो भेटतो तो मला बघून हसतो. आणि मी काय केलं होतं? पडून राहिलो होतो!

त्याचं असं झालं… आमच्या गावाला एक अँब्युलन्स आहे. पगारी माणसं नाहीत, गावातलीच हौसेनं करतात. म्हणजे आमची मॅव्हिस आणि पोस्टातली डल्सी. फोन वाजला की मॅव्हिस हातातली कणीक टाकून पळते आणि डल्सी पोस्टाला कुलूप लावून पळते. तिकिटं घ्यायला आलेला माणूस कधीकधी आत अडकतो, पण तो काही तक्रार करत नाही. कारण सगळ्यांना माहीत आहे, ही गाडी नसली तर पुढची गाडी डनफोर्डची. आणि डनफोर्डहून गाडी येईपर्यंत माणूस बरा तरी होतो, नाहीतर… जाऊ द्या. गेल्या उन्हाळ्यात माझ्याच छातीत कळ आली होती. मॅव्हिस आणि डल्सीनं उचललं, म्हणून आज तुमच्यापुढे बसलोय.

तर वरून हुकूम आला. नवीन स्ट्रेचर येणार, बटण दाबलं की वर, बटण दाबलं की खाली, आणि ते नीट वापरता येतं की नाही याची परीक्षा होणार. पास झालात तर गाडी गावात. नापास झालात तर गाडी डनफोर्डला! डनफोर्डला!! अहो, डनफोर्डवाल्यांनी आमचा सरावाचा रबरी बाहुला नेला तो अजून परत केला नाही, आणि त्यांना अख्खी गाडी द्यायची?

मग काय, मॅव्हिसनं ध्यासच घेतला. शिकवायला पर्थहून एक बाई आली होती, बर्नडेट नावाची. चांगली उंच, तोंडाला पांढरं मलम फासलेलं, ऊन लागू नये म्हणून. तिनं एकच गोष्ट शंभरदा सांगितली. "माणूस वर असताना हात सोडायचा नाही. ब्रेक लावला तरी नाही. जमीन सपाट असली तरी नाही. खुद्द राजेसाहेब भेटायला आले तरी, हात सोडायचा नाही!"

झालं! मॅव्हिसनं ते इतकं मनावर घेतलं की घरात चहाची गाडी ढकलायची तरी दोन्ही हातांनी. मी म्हणालो, "अगं, वर बिस्किटंच आहेत ना?" तर म्हणाली, "सवय, पर्सी, सवय! हात सोडायचा नाही!" रात्री झोपेत माझं मनगट घट्ट धरून ठेवायची. पहिले दोन दिवस मला वाटलं, म्हातारपणी प्रेम उफाळून आलं. तिसऱ्या दिवशी झोपेतच म्हणाली, "डल्सी, ब्रेक!"… तेव्हा कळलं.

आता परीक्षेला पेशंट कोण? बाहुला डनफोर्डला! सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. डल्सी म्हणाली, "पर्सी बाहुल्याइतकाच बोलतो, कुणाला फरक कळणार नाही." म्हणून मी!

परीक्षेच्या दिवशी सकाळी अँब्युलन्सच्या शेडसमोर मला आडवा केला. आमची शेड चढावर, तिथून रस्ता सरळ खाली उतरतो. आधी बार, मग सहकारी दुकान, मग वळणावर लॉन बोल्सचं, म्हणजे गवतावर चेंडू घरंगळवायच्या खेळाचं मैदान, आणि त्याच्यापुढे गव्हाच्या कोठ्या. छातीवर पट्टा, खांद्यांवरून पट्टे, कमरेला पट्टा, पायांना पट्टा. इतकं आवळलं की सकाळचं अंडं परत आठवलं. बाजूचे कठडे वर केले. मॅव्हिस डोक्याशी, डल्सी पायाशी. "तयार?" "तयार!" "उंची कमी कर, रस्ता खडबडीत आहे!" "केली!" "पाय पुढे, डोकं मागे!" वा! बर्नडेटबाई मान डोलावतेय. मी खालून मॅव्हिसकडे पाहिलं. हनुवटी थरथरत होती तिची, पण हात… हात कसे, कुंपणाच्या खांबासारखे! मला वाटलं, जिंकलो.

गाडीच्या मागच्या दारापर्यंत आलो. डल्सी दार उघडायला गेली. मॅव्हिसनं आत ढकलायचं म्हणून पायानं ब्रेक सोडला. आणि नेमका त्याच वेळी रस्त्यानं कोण यावं? लेस काउली! आपल्या पिकअपमधून, मागे कुत्रा, आणि त्यानं स्टिअरिंगवरून एक बोट वर केलं.

आता तुम्ही म्हणाल, केलं तर केलं. तसं नाही हो! आमच्याकडे समोरून माणूस आला आणि त्यानं बोट वर केलं, तर आपण हात करायचा. ओळख असो नसो, भांडण असो नसो. माझा चुलतभाऊ बांधावरून कोर्टात गेला होता, तरी रस्त्यात भेटला की बोट वर! हात केला नाही तर संध्याकाळपर्यंत गावात बातमी, "त्यांच्या घरी काहीतरी बिनसलंय."

तर मॅव्हिसचा एक हात गेला वर. आपोआप! मेंदूला विचारलंच नाही त्या हातानं! बरं, एकच गेला असता तर चाललं असतं, दुसरा हात घट्ट होता. पण लेसच्या पिकअपचा मागचा फळका उघडा लटकत होता, आणि कुत्रा अगदी कडेला. आमची मॅव्हिस पडली मायाळू! ती ओरडली, "लेस! फळका! फळका बघ!" आणि दुसऱ्या हातानं दाखवला…

आणि मी निघालो.

तुम्हाला सांगतो, आधी फार हळू निघालो. मला वाटलं, हाही परीक्षेचाच भाग असेल, म्हणून बोललो नाही. बोलायचं म्हणजे मला जरा वेळ लागतो, आणि शब्द जुळवतोय तोवर बार आला! बारच्या पायऱ्यांवर नेहमीची मंडळी बसलेली, त्यांनी मला पाहिलं, आणि काय केलं? धावले? अडवलं? छे! सगळ्यांनी हात केला! "काय पर्सी! लवकर निघालास!" आणि मी… आता माझी चूक म्हणा… मीही हात केला! कोपरापासून खालचा भाग पट्ट्याबाहेर होता ना! उद्धटपणा कसा करायचा? मग वेग वाढला, चाकं वाजायला लागली खडखडखड, आभाळ मागे पळतंय, दुकानासमोर सामान उतरवणारा पोरगेला ड्रायव्हर, त्यानं खोका एका हातात घेतला आणि दुसऱ्या हातानं… केला हात! मी म्हणालो, "धरा!" तो म्हणाला, "बरं आहे, तुमचं कसं?" तोवर मी पुढे! अहो, अख्खं गाव हात वर करतंय, हात घालत कुणीच नाही! मागून मॅव्हिसचा आवाज, "पर्सीऽऽ! हात सोडू नकोस!" मी कशाचा हात सोडू? मी तर बांधलेला!

वळण आलं. रस्ता वळला, मी नाही वळलो. सरळ मैदानात! तिथं पांढऱ्या कपड्यांत म्हाताऱ्यांचा सामना रंगलेला. गवत असं मऊ, असं दाट, की चाकं रुतली, आणि मी मधोमध येऊन थांबलो. मैदान सांभाळणारा म्हातारा धावत आला. मला वाटलं, विचारेल, लागलं का रे? तो गुडघ्यांवर बसला आणि चाकांच्या खुणांवरून हात फिरवत रडवेल्या आवाजात म्हणाला, "माझं गवत… माझं गवत…"

आणि मग मॅव्हिस पोचली. टोपी कुठं, एक बूट कुठं. मला वाटलं, ओरडेल. ओरडली नाही. दोन्ही हातांनी कठडा धरला आणि नुसती उभी राहिली, धापा टाकत. बोटं पांढरी पडली होती. मी म्हणालो, "अगं, काही झालं नाही, पट्टे चांगले आवळले होतेस." तर हळूच म्हणाली, "गेली रे गाडी, पर्सी. माझ्यामुळे गेली. परत तुझ्या छातीत कळ आली तर मी काय करू?"

तुम्हाला सांगतो, तेव्हा मात्र मला माझ्या छातीत खरंच काहीतरी झालं. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

बर्नडेटबाई सावकाश चालत आली. म्हणाली, "पट्टे उत्तम. उंची बरोबर. कठडे बरोबर." मग माझ्याकडे पाहिलं. "पेशंट हरवला." डल्सी म्हणाली, "हरवला कुठं बाई? हा काय, इथंच आहे!" बाई काही हसली नाही. मॅव्हिसनं मान खाली घातली, पण हात तसेच. आणि मी… मी न बोलणारा माणूस… मी बोललो! म्हणालो, "बाई, अजून एकदा घ्या. मी परत झोपतो."

ती म्हणाली, "तुम्ही? परत? यांच्या हातात?"

मी म्हणालो, "लग्न झाल्यापासून यांच्याच हातात आहे. सोडलं ते आजच, आणि तेही लेसच्या कुत्र्यासाठी."

बाईनं मॅव्हिसच्या हातांकडे पाहिलं. ते अजून कठड्यावर होते. म्हणाली, "ठीक आहे. दुपारी. शेवटची संधी."

आता दुपारपर्यंत बातमी सगळ्या गावात! रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी. धीर द्यायला आलेली. आणि धीर कसा देतात आमच्याकडे? हात करून! मला परत आवळला, मॅव्हिस डोक्याशी, डल्सी पायाशी, आणि दोन्हीकडून हातच हात! "शाब्बास मॅव्हिस!" "हो पुढे मॅव्हिस!" तिनं कुणाकडं पाहिलं नाही. ओठ दाबून नुसतं स्वतःशी, "हात सोडायचा नाही, हात सोडायचा नाही…" तिच्या कपाळावरचा घाम माझ्या नाकावर टपटपतोय, माझं नाक खाजतंय, पण मी हाताची घडी घालून पडलो. म्हटलं, आता कुणाला हात करणार नाही, पंतप्रधान आले तरी!

गाडीच्या दारापाशी पोचलो. डल्सी दार उघडायला गेली. ब्रेक सुटला. आणि तेवढ्यात एक मोटार आली, हॉर्न वाजवत, आणि आमच्या शेजारीच थांबली. कोण असावं? एनिड! मॅव्हिसची सख्खी बहीण! डार्विनला मुलीकडे गेली होती, कित्येक महिन्यांनी परत येत होती, आणि काच खाली करून दोन्ही हात बाहेर काढून, "मॅव्हिस! अगं मॅव्हिस! मी आले!"

अख्ख्या रस्त्याचे हात हवेतच. मी खालून मॅव्हिसकडे बघतोय. तिचे डोळे भरले. बहिणीत जीव आहे हो तिचा! डावा खांदा जरा उचलला… मी डोळे मिटले. मनात म्हटलं, चला, परत गवत…

"मॅव्हिस? अगं, इकडं बघ ना! मी एनिड!"

खट्! आकडा अडकला. चाकं वर गेली. मी आत! दार बंद! बाहेर टाळ्या, शिट्ट्या, कुणीतरी टोपी उडवली. बर्नडेटबाईचा आवाज आला, "पास." गाडी गावात राहिली! डल्सी तर बाईच्या गळ्यातच पडली, बाईचं पांढरं मलम सगळं हिच्या गालाला.

एनिड मात्र काच वर करून निघून गेली. मग आठवडाभर समजूत काढणं चाललं. मॅव्हिसनं केक नेला, मी मध्यस्थी केली, एनिडला सगळं समजावून सांगितलं. तिला पटलं, म्हणजे आता ती मॅव्हिसशी बोलते आणि माझ्याशी बोलत नाही. म्हणते, "मध्ये तूच झोपला होतास."

चालायचंच. खरी पंचाईत वेगळीच आहे. त्या दिवसापासून मॅव्हिसच्या हातांना असं वळण लागलंय की घरची मोटार चालवतानाही ती स्टिअरिंगवरचं बोटसुद्धा उचलत नाही. "वर माणूस आहे," म्हणते. मग गावात बोलायला नको, मॅव्हिसला गर्व झाला म्हणून, मी शेजारी बसून हात करतो. समोरून कुणी आलं की उजवा हात तिच्या वाटचा आणि डावा माझ्या वाटचा. दोन्ही एकदम वर! परवा डनफोर्डच्या रस्त्यावर नव्या पोलिसानं गाडी थांबवली. काचेतून आत पाहिलं, मॅव्हिस दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून बसलेली, शेजारी मी दोन्ही हात वर करून. हळूच मला म्हणाला, "आजोबा, या बाईनं तुम्हाला पळवून तर नेलं नाही ना?"

मी विचार करत बसलो… आणि काय सांगू तुम्हाला, मी "नाही" म्हणेपर्यंत मॅव्हिसच म्हणाली, "हो. फार वर्षं झाली. आता कोण सोडवतंय?"