काशाची बोयटं

ह्या काशाला विचारा, घरात मासे का नाय पाळत. तो नाय सांगणार, मीच सांगतो.

खाडीचं पाणी काळं पडायला लागलं, तेव्हा ह्याने जाळ्यात आलेली पाच बोयटं घरी काचेच्या टाकीत सोडली. बोलला, आता हीच राहिलीत. खाली दुसरी टाकी, रेतीची. वरचं पाणी नळीने खाली उतरायचं, रेतीतून गाळलं की मोटर परत वर टाकायची. ती मोटर जळली, तर ह्याने नळाचं पाणी खेचायची मोठी मोटर लावली.

मी बोललो, "काशा, वरून पूर सोडलास आणि उतरायला पेनाएवढी नळी? मासे जिन्याने नाक्यावर येतील!"

"गप ए. पाणी जोरात फिरलं की मासा जगतो."

"नळी तरी जाडी घाल."

"उद्या घालतो. चल, चहा मारू."

चहा पिऊन आलो तर जिन्यावरून खारं पाणी उतरतंय. वरची टाकी भरून वाहिलेली, खालची सुकलेली, मोटर नुसती किंचाळतेय. चार बोयटं लादीवर मेलेली. एक खरंच पहिल्या पायरीवर.

तेवढ्यात काशाची आय मासे विकून आली, डोक्यावर रिकामी टोपली. मला सवय वाईट. बोललो, "आये, कालवणाची सोय झाली की!"

तिने टोपली खाली ठेवली. "घरातलं माणूस गेल्यावर तू जेवतोस काय रे?"

कोळ्याच्या घरात पाच मासे होते, आणि त्या दिवशी चूल पेटली नाय.