गोधडीचं दुसरं टोक

— रोज एक? आख्खा ऑक्टोबर रोज एक भूतकथा? अगं शेफाली, माजी कोंबडीसुदिक इतक्या नेमानं अंडं घालत न्हाई. आन् विषय बी तुमीच देनार — वाच बघू परत — भोपळा. भोपळ्याला कोन भ्यायचं? आमी त्याचे घारगे करतो. पुढं काय — बाहुली, पोटमाळा, जोकर. वेल्ह्याच्या बाजारात जोकर आला तर लोक त्याला चहा पाजतील आन् इचारतील, कुठल्या गावचा, कुनाचा. त्यातून भय काढायचं म्हंजी तुमी पुन्याचे लोक लई कष्टाळू. बस, त्या पोत्यावर बस, आत भातच हाय, मोडायचं न्हाई.

तुमचं भूत ऑक्टोबरात येतं, आमचं भादव्यात. आता पितरपाट चालूय न्हवं, हाच हंगाम. घरोघरी वडे तळायला बायका जमल्या की मेलेल्यांची उनीदुनी निघतात — कोन कसं गेलं, जाताना काय मागितलं, कुनी दिलं न्हाई — तीच माजी शाळा; अक्षरं तेवढी लेकाच्या पाटीवर गिरवली, दुसऱ्या शाळेत मी गेलेली न्हाई. आशाढात लावनी, हात कोपरापत्तोर चिखलात, तवा एक अक्षर लिवत न्हाई, फकस्त औंदा कुनाला भ्या घालायचं ते ठरवते. श्रावनात सरपन वलं, चूल नुसती धूर ओकते, त्या धुरात डोळं पुसत लिवते — दिवाळी अंकाचा संपादक म्हनतो, आजी, तुमच्या कथेत कारुन्य लई. म्या म्हनलं, धूर हाय तो. आन् तुमचा ऑक्टोबर म्हंजी आमची भातकापनी. इळा हातात असला की मला भूत सुचत न्हाई, भुताला मी सुचत असंन.

अवघड काय असतं? आता कोन भीतच न्हाई, हे अवघड. उलटे पाय दिले तर हसतात. पांढरी साडी दिली तर म्हनतात, सिरियलमधली का? वस्तीवर लाईट आली, जी काय दोन-चार भुतं अंधारात तग धरून व्हती त्यांच्यावर पोरं मोबाईलची बॅटरी मारतात. मंग म्या काय केलं — भुताला काम दिलं. रिकाम्या भुताचं कोन ऐकतंय? नवरात्राच्या आधी घरच्या समद्या गोधड्या डोहावर नेऊन धुवायच्या, ही आमची रीत. आन् वली गोधडी एकटीला पिळवत न्हाई, धोंड्यावानी जड व्हती — एकीनं एक टोक धरायचं, दुसरीनं दुसरं, आन् दोघींनी उलटा पीळ द्यायचा. तर माज्या कथंतली ती डोहावर बसलेली. चांगली घरंदाज बाई, कुंकू लावलेली. वाटंनं जानारीला म्हनती — बाय, येवढं टोक धर की. बस, येवढंच. जानारी धरती. पीळ बसाय लागतो, पानी गळाय लागतं, आन् ते गळायचं थांबतच न्हाई, आन् हात सोडावा म्हनलं तर सुटत न्हाई. हितं कथा संपली. संपादक म्हनला, पुढं काय झालं ते लिवा. म्या म्हनलं, का, वाचकाच्या घरात गोधडी न्हाई का?

मागल्या दिवाळी अंकात आली ती. सगुणाबाई शिळीमकर, तालुका वेल्हे, आन् वर ठळक अक्षरात ‘सत्य घटना’. ते मीच छापाय लावते, दरसाल. तुमच्यातल्या शिकलेल्या बाईनं खोटं लिवलं तर त्याला कल्पनाशक्ती म्हनतात, माज्यासारखीनं लिवलं तर थापा म्हनतील. म्हनून खरंच असतं माजं समदं. गडावर फिराय येनारी पोरं वाट वाकडी करून घरी येतात, पाया पडतात, आजी, खरंच घडलं का म्हनतात. म्या नुसती मान हलवते.

हे काय काढलंस? कागद? सोमनाथनं दिला? माज्या लेकानं — बरं. म्हंजी ऑक्टोबरची भुतं हा नुसता चहा व्हता, जेवान हे हाय. डोहाकडचा तुकडा तुला तंबू टाकायला. भाटघरच्या धरनावर तंबू कमी पडले का? — तितं भूत न्हाई, म्हनतीस. असं व्हय. काय डोकं हाय बघ तुजं. तिकडनं पोरं यायची, डोहात बाटल्या फोडायची, जनावरांचे पाय कापायचे, म्हनून म्या तितं भूत घातलं — आन् तू भूत हाय म्हनून येतीस. वैशाखात वरचे ओढे आटले की आख्ख्या वस्तीची गुरं तितंच पानी पितात, गेनबाची मेंढरं धनगरवाड्यावरनं खाली उतरतात. तू कुंपन घालशील. घालावंच लागंल, भुताला तिकीट लावायचं तर कुंपन नको? मेंढरांनी काय, ऑनलाईन बुकिंग करायचं?

सही? अंगठा न्हाई गं, सहीच करते मी, झोकात करते. न्हाई म्हनायला मला काय जड हाय? तुला म्हनते — न्हाई. झालं. पन तू जाशील आन् उद्या सोमनाथ येईल. चुलीपुढं बसंल. आये म्हनंल, भाकरी वाढ म्हनंल, आन् अर्धी भाकर व्हायच्या आत म्या सही केलेली असंल. येवढी कच्ची हाय मी त्याच्यापुढं, लिवून घे पायजे तर. म्हनून मी नको म्हनून भागत न्हाई, तुलाच ती जागा नको झाली पायजे. मोबाईल चालू कर. चालूच हाय? वाटलंच मला. मंग नीट धर, तोंड येऊ दे माजं.

मी सगुणाबाई शिळीमकर बोलते. आमच्या डोहावर गोधडीवाली न्हाई. कदी नव्हती. म्या हितं चुलीपुढं बसून बनिवली ती. वर सत्य घटना लिवलं ते खोटं, आन् आदीच्या कथांवर लिवलं ते बी खोटं. — हं. टाक आता हे तुज्या समद्या लोकांना. पुढल्या अंकात मला जागा द्यायची का न्हाई, संपादकाचं त्यो बघंल.

काय? मंग सुचली कुठनं? आला का तुमचा लाडका प्रश्न. सुचतंय, काय त्यात. मंगल व्हती ना, माजी सून, ती धरायची दरसाल ते टोक. भांडत भांडत धुवायचो दोघी, आन् पीळ असा द्यायची भवानी, माजं मनगट दुखावं म्हनून मुद्दाम. मंग सोमनाथनं पुन्यात खोली केली, त्याच्यासंगं गेली ती. म्या तरी गोधड्या नेल्या. धुतल्या. आन् वली गोधडी मांडीवर घेऊन बसले वाटंकडं बघत, कोन जातंय का. बसले, बसले. एक बाई आली बी लांबनं. तिला म्हनलं, बाय, येवढं टोक धर की. तिनं माज्याकडं पाह्यलं — आन् पळाली गं ती. डोईवरचा भारा टाकून पळाली. म्या काय तिला — काय दिसलं असंल तिला, कुनास ठाऊक —

बंद कर ते. मघाचं टाक, हे टाकायचं न्हाई. पूस माज्यासमोर. पुसलं? दाव.

तर मंग, भूत न्हाई म्हनल्यावर तुला जागा नको, बरोबर? — बरोबर. कागदाची घडी घाल आन् सोमनाथला तूच सांग, पार्टी फिरली म्हनावं. चहा न्हाई करत आता, दिवस कलला, उजेड हाय तवर नीघ. गाडी कुठं लावलीस? डोहापाशी. मंग जा की, ही काय समोर वाट. — काय? कसली सोबत? अगं आत्ता सांगितलं न्हवं तुला, तितं कोनी न्हाई म्हनून? माज्या तोंडानं सांगितलं, तुज्या मोबाईलात हाय. — न्हाई, मी न्हाई यायची. चांगली शिकलेली हायस तू. उंबऱ्यात काय उभी ऱ्हायलीस, सरक, मला दार लावायचंय.