बावन्नातून सत्तावीस

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष केंद्रप्रमुख सूर्यभान आव्हाड साहेब, व्यासपीठावरच्या सरपंच रंगुबाई गर्जे, आज सेवानिवृत्त होत असलेल्या आमच्या मुख्याध्यापिका मनकर्णा साळवे बाई, पालकहो, आणि पुढं सतरंजीवर बसलेल्या मुलांनो, सर्वांना नमस्कार.

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. बाईंची छत्तीस वर्षांची नोकरी त्यात कशी बसवू? म्हणून एकच प्रसंग सांगतो.

सात वर्षांपूर्वी मी या शाळेत नवा होतो. तिसरीचा वर्ग माझ्याकडे. गणितात कच्ची मुलं काय काय लिहितात, हे इथल्या शिक्षकांना सांगायला नको. एकोणपन्नास सांगितले की एकोणसाठ लिहितात, कारण कानावर 'पन्नास' पडलेलं असतं. एकशे पाच म्हटलं की शंभर लिहून त्याला पाच चिकटवतात. मी लाल फुली मारायचो आणि पुढं जायचो. त्या वर्गातल्या रेश्माच्या वहीत तर फुल्याच जास्त.

दसरा झाला, ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागल्या. रेश्माचे वडील अजिनाथराव तिचं नाव काढायला ऑफिसात आले.

"बाई, पोरीला गणित येत न्हाई. सरांनीच सांगितलंय. मग इथं ठिवून काय करू? तिकडं कारखान्यावर कोपीत ऱ्हाऊन धाकट्याला तरी सांभाळंल."

खरंच, मीच तसं सांगितलं होतं. बाईंनी त्यांना बसायला खुर्ची दिली, रेश्माला बोलावलं आणि पाटीवर लिहिलं, बावन्न वजा सत्तावीस. तिनं झटक्यात उत्तर लिहिलं, पस्तीस. मी मान हलवली. बघा, म्हणालोच होतो.

बाईंनी फुली मारली नाही. "कसं केलंस, मला सांग," म्हणाल्या.

"दोनातून सात जात न्हाईत," रेश्मा म्हणाली. "मग सातातून दोन काढले. पाच. सरांनी सांगितलंय, मोठ्यातून लहान काढायचं."

मंडळी, ते मीच सांगितलं होतं. सोपं जावं म्हणून, पहिल्याच आठवड्यात.

बाईंनी कपाटातून तुरकाट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या काढल्या, दहा-दहाच्या पाच जुड्या आणि सुट्या दोन. "यातल्या सत्तावीस मला दे." रेश्मानं दोन जुड्या दिल्या. मग सुट्या दोन दिल्या आणि थांबली. बराच वेळ जुडीवरच्या रबराला नुसतं बोट लावत राहिली. शेवटी हळूच विचारलं, "बाई, ही सोडली तर चालंल?"

"चालेल की."

तिनं जुडी सोडली. आणखी पाच काड्या मोजून दिल्या, उरलेल्या मोजल्या आणि पाटीवरचे पस्तीस पुसून पंचवीस लिहिले. अजिनाथराव वाकून बघत होते. म्हणाले, "हिला तर येतंय की." त्या वर्षी रेश्मा आत्याकडं राहिली, टोळीबरोबर गेली नाही.

ते गेल्यावर मी बाईंना विचारलं, चूक माझी होती हे तुम्ही का बोलला नाहीत? बाई म्हणाल्या, "सर, तुमच्यावरचा विश्वास गेला असता तर त्यांनी पोरीला कुणाच्या भरवशावर ठेवलं असतं? तुम्ही फक्त उद्या वर्गात जाऊन बाकीच्यांच्या वह्या बघा."

बघितल्या. एकोणिसांपैकी अकरा मुलांची वजाबाकी तशीच होती. मी खडू खाली ठेवला आणि मुलांना सांगितलं, मी चुकीचं शिकवलं, आता पुन्हा शिकू.

रेश्मा आज दहावीत आहे. गणितात ती फार हुशार आहे, असं मी म्हणणार नाही. ती शाळेत आहे.

मुलांना मी सांगितलं, पण एका माणसाला सांगायचं राहून गेलं. ते आज तिसऱ्या रांगेत बसले आहेत. अजिनाथराव, तुमच्या मुलीला गणित येत नाही, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. तिनं मी शिकवलं तसंच केलं होतं. चूक माझी होती.

बाई, तुमचे आभार मानतो. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, ऋणी आहे. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनानं सांभाळून घ्या. आणि अजिनाथराव, तुम्ही मला माफ करा.