एक फेरी जास्तीची

सन्माननीय प्राचार्यबाई, व्यासपीठावरचे पाहुणे, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती आमचे क्रीडाशिक्षक, त्यांना घरापेक्षा मैदानावरच जास्त पाहिलेल्या वहिनी, आणि चहाकडे डोळे लावून बसलेले माझे सहकारी,

मी तुमचा ग्रंथपाल, सत्कारमूर्तींचा वर्गमित्र. आम्ही याला ‘इंजिन’ म्हणायचो. गौरवाची तीन भाषणं झाली, आता खरं ऐका. मी या माणसावर आयुष्यभर जळलो.

का जळू नये? देवाने एकाच माणसाला दोघांचे पाय द्यावेत? फुटबॉलमध्ये हा सेंटर फॉरवर्ड, मी त्याचा राखीव. पाच हजार मीटरला हा पहिला, मी दुसरा. घरी गेलो की माझी सख्खी आई विचारायची, “तो कितवा आला?”

शिक्षणाच्या शेवटच्या वर्षी सकाळी ही शर्यत आणि दुपारी फुटबॉलची फायनल. मी पाय ताजे ठेवायला शर्यतीतून नाव काढलं. आमचे तेव्हाचे खेळाचे सर म्हणाले, “मग फेऱ्या तरी मोज.” पाच हजार मीटरच्या साडेबारा फेऱ्या, आणि शेवटच्या फेरीची घंटा माझ्या हातात. प्राचार्यबाई, मी ती घंटा एक फेरी उशिरा वाजवली. हा दमेल, दुपारी मला घेतील, एवढाच हिशेब. सगळे धावले बिचारे. हा तरीही पहिला!

दुपारी याने गोल केला. दहा मिनिटं उरली असताना पोटरी धरून खाली बसला. पायात गोळा. मी आत गेलो. त्या दहा मिनिटांचा फोटो माझ्या टेबलामागे आहे, सगळ्यांनी पाहिलाय. माझी एकमेव फायनल, चोरीची का होईना, पण माझी कमाई.

गेल्या आठवड्यात हा पुस्तकं परत करायला आला. फोटोकडे बघत म्हणाला, “त्या दिवशी साडेतेरा झाल्या होत्या ना रे?”

मी शिक्का बाजूला ठेवला. “तुला माहीत होतं? मग थांबला का नाहीस?”

“थांबलो असतो तर सरांनी तुला संघातून काढलं असतं.”

“आणि पायातला गोळा?”

“कसला गोळा! तुझी आई आली होती ना बघायला.”

म्हणजे ती दहा मिनिटंही याचीच. सांगा, अशा माणसावर जळायचं नाही तर काय करायचं? उद्यापासून मैदान रिकामं दिसेल, आणि मला ते बघवणार नाही, हेही सांगून टाकतो.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. फेरीतलं जास्तीचं याने तेव्हाच घातलंय.