चुलीवर गेलेला चीक

—अग बस ग आवडाबाई, माझ्यासाठी धावपळ नको. खरवसापुरता तांब्याभर चीक दे म्हटलं, तेवढा घेते आणि निघते. गुणाजीची होडी धक्क्याला थांबलीय, ओहोटी लागली की तो चिखलातच उतरवतो मेला, मग गुडघाभर राड तुडवत कोर्लई गाठायची. गाय पहाटे व्याली म्हणालीस? कालवड झाली? वा! बाजारात राहीनं सांगितलं आणि मी माझी भाजीची पाटी तिच्याच पुढ्यात टाकून सुटले बघ चौलाकडं— व्हय ग, एवढी हौस! आम्हा किरिस्तावांना काय खरवस आवडत न्हाय? आमच्या घरधन्याचा, पास्कूचा तर जीव की प्राण— काय? त्याला चीक बाधतो असं मीच सांगितलं होतं? कधी? बरं, मग कार्मेलसाठी समज. लग्नाची पोर हाय, तिला नको का काही गोडधोड— अग, पातेलं कुठं गेलं? मघाशी तुझ्या पायाशी होतं ना?

चुलीवर? गूळ घालून? वाफेला लावलंस? मी बडबडत होते तेव्हा? देवा रे, उतरव, उतरव आधी! झाकण काढ. थिजला ना. थिजला. वास काय सुंदर सुटलाय बघ, आणि माझं झालं वाटोळं! तुझी चूक न्हाय ग बाई, तू मायेनं केलंस, मलाच आयता खरवस द्यायला. रडत न्हाय मी, धूर गेला डोळ्यात.

ऐक आता खरं. रागावू नको. आमची डुकरीण काल रात्री व्याली. आठ पिल्लं, एकेक असं गुलाबी— पण तिला ताप भरलाय, आचळं दगडासारखी, थेंब सुटत न्हाय. तुला हसू येईल, पण पिल्लाचं आतडं पहिल्या दिवशी कसं असतं ठाऊक हाय? मेलेलं पिल्लू मी फाडून बघितलंय. चीक न मिळालेलं असेल तर आतडं कांद्याच्या पापुद्र्यासारखं, पलीकडचं बोट दिसतं. आणि चीक पिऊन दुसऱ्या दिवशी दगावलेल्याचं? जाड, भरलेलं, जवळजवळ दुप्पट जड! एका दिवसात! आमचे पाद्रीबाबा डुकरं पाळायचे, ते सांगायचे— पहिल्या दिवशी आतड्याची वीण सैल असते, चिकातलं बळ जसंच्या तसं रक्तात उतरतं. दिवस उलटला की वीण घट्ट मिटते. मग पाज किती पाजायचं ते दूध, पोट भरतं, पण रोगाशी झुंजायचं बळ अंगी येत न्हाय. हगवण लागून जातात एकामागं एक. आणि शिजवला की संपलंच सगळं, तो नुसता खाऊ झाला. म्हणून कच्चा पाहिजे, आणि आजच पाहिजे.

अशी मागं सरकू नको, आंघोळ करून आलेय मी! गोमातेचा चीक डुकराच्या तोंडी— व्हय, म्हणून तर खरवस म्हणाले ना! खरं सांगितलं असतं तर तू पायरी चढू दिली असतीस? आणि माया-बिया काही न्हाय हं माझी. कार्मेलच्या लग्नात कापायचीत ती. आता मेली तर पंगतीला काय वाढू, दुधी भोपळा? रात्रभर उशाशी घेऊन बसले ती थंडीनं मरू नयेत म्हणून, पास्कूची घोंगडी काढून घेतली, तो कुडकुडला तर कुडकुडू दे. एक हाय कानाला काळा ठिपका असलेलं, ते माझं बोट चोखत झोपलं. त्याला मात्र मी कापू देणार न्हाय, पास्कूला सांगून ठेवलंय— आता हसतेस काय? कसली माया? जा!

कुठं उठलीस? तांब्या कशाला? अग, रागानं उठलीस का— गोठ्यात? थांब, मी येत न्हाय आत, इथंच उभी राहते. आवडाबाई! दोहतेस? माझ्यासाठी? अग, कालवडीच्या तोंडचा नको हं काढू, तिलाही आजच पाहिजे, तिचीही वीण आजच सैल. दोन आचळं तिला ठेव. व्हय, एवढं पुरे, पुष्कळ झालं. बोळ्यानं थेंब थेंब पाजीन. फडकं बांध वरून, होडीत कुणी विचारलं तर खरवसाचा चीक म्हणून सांगते.

काय म्हणालीस? उरलेली सातही माझ्यानं कापवायची न्हाईत, मग पास्कूला काय सांगणार— अग बाई, दिवस कलला की! धक्क्यावर होडी, तिकडं आठ तोंडं उपाशी, आणि तू मला मेली बोलण्यात गुंतवून ठेवतेस! सोड पदर. जाते.